धक्का की टेंडर?

प्रश्न : काका, माझे बाबा 74 वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी पक्षाघात झाला, डावी बाजू गेली. व्यायामानं बरंच परत आलं. घरात चौपायी काठी घेऊन चालतात, बाहेर चाकाची खुर्ची लागते. भाऊ जर्मनीत असतो. त्यानं सप्टेंबरात आम्हा सगळ्यांसाठी ग्रीसची सात रात्रींची क्रूझ ठरवली आहे : पिरेयसहून निघून मिकोनोस, कुशादासी, रोड्स, सँटोरिनी. आईला सँटोरिनी बघायचंच आहे. एजंट म्हणतो, जहाज पूर्ण व्हीलचेअरवाल्यांच्या सोयीचं आहे, काळजी करू नका. बाबा म्हणतात, मी जहाजावरच बसतो, तुम्ही फिरून या. त्यांना खाली उतरवता येईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, एजंट खोटं बोलत नाहीये. आजकालच्या जहाजांवर लिफ्ट असतात, सांगून घेतली तर रुंद दाराची खोली मिळते, डेकवर खुर्ची झकास फिरते. घोळ होतो तो दाराबाहेरच्या चार फुटांत. मी बावीस वर्षं क्रूझवर होतो, खलाशी म्हणून चढलो आणि बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, होऊन उतरलो. त्यातली निम्मी तरी त्या चार फुटांतच गेली, लोकांचे हात धरण्यात.

एजंटला आता फक्त एक गोष्ट विचारा, आणि प्रत्येक बंदराचं नाव घेऊन विचारा : धक्का की टेंडर? आणि लेखी घ्या. धक्का म्हणजे जहाज बंदराला लागणार, मध्ये गँगवे, म्हणजे उतरायची फळी, टाकणार, बाबा खुर्चीत बसल्या बसल्या जमिनीवर. टेंडर म्हणजे जहाज पाण्यातच उभं राहणार आणि माणसं छोट्या लाँचमधून काठावर जाणार. आमच्या लहानपणी कोकणची बोट यायची, तीही जिथे धक्का नसेल तिथे खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव जाऊन माणसं उतरवून आणायचे. माझ्या आजीला दोन तांडेलांनी काखेत धरून पडावात सोडलेलं मला आठवतं. बासनातलं भांडं उतरवावं तसं. आजच्या जहाजावर ते चालत नाही. खलाशी हात देतो, माणूस उचलत नाही. तसे सक्त नियम आहेत आणि ते बरोबर आहेत.

तुमच्या यादीतलं पिरेयस, कुशादासी आणि रोड्स हे धक्के. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, त्यामुळे गँगवेचा उतार सकाळी असतो तसाच संध्याकाळी राहतो. हे कोकणातल्या माणसाला पटायला वेळ लागतो. अलास्कात केचिकानला सकाळी सपाट दिसलेला गँगवे दुपारी घराच्या छपरासारखा झालेला मी पाहिला आहे, आणि त्यावरून खुर्ची ढकलली आहे. उतार तीव्र वाटला तर बाबांना उलटं उतरवा, त्यांची पाठ उताराकडे आणि ढकलणारा माणूस खालच्या बाजूला. स्वतः करू नका, दारातल्या माणसाला सांगा. गँगवेवर खुर्चीला हात लावायला ते ना म्हणत नाहीत.

पिरेयस हे अथेन्सचं बंदर. अथेन्समध्ये अक्रोपोलिसवर, म्हणजे जुन्या मंदिरांच्या टेकडीवर, जाता येतं. डिसेंबर 2020 मध्ये तिथे चाकाच्या खुर्चीवाल्यांसाठी नवी लिफ्ट बसली आणि वर सिमेंटच्या वाटाही झाल्या. लिफ्ट चालू आहे का, एवढं आदल्या दिवशी विचारून घ्या. तुर्कस्तानातल्या कुशादासीहून इफिससच्या प्राचीन अवशेषांकडे नेतात, तिथे मात्र सावध राहा. सहलीची बस वरच्या दाराशी सोडते आणि सगळे उतारावरून संगमरवराच्या गुळगुळीत, फुटक्या फरशांवरून खालच्या दाराला येतात. खुर्चीसाठी ती शिक्षा आहे. तुम्ही स्वतंत्र गाडी करा, खालच्या दारानं आत जा, मोठं नाट्यगृह आणि सेल्ससचं ग्रंथालय बघा आणि त्याच दारानं परत या. तेवढं जमतं, हाडं खिळखिळी होतील पण जमतं. ऱ्होड्स की रोड्स, जे काय म्हणता ते, तिथे धक्का जुन्या शहराच्या तटबंदीच्या अगदी जवळ आहे. पण तटाच्या आत रस्त्यांना उभे गोटे बसवलेले आहेत. तटाच्या बाहेरून समुद्राकडेनं फिरा.

मिकोनोसला टुरलोसचं नवं बंदर आहे, गावापासून दोनेक किलोमीटर. जागा मिळाली तर धक्का, नाही तर टेंडर. तिथे वारा मालक असतो. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो, जुलै-ऑगस्टात जोर जास्त. सप्टेंबरात उतरणीला लागलेला असतो, पण भरवसा नाही. दुपारनंतर वाढतो, म्हणून परतीचं लवकर धरा.

आणि सँटोरिनी. हे नीट वाचा, आईलाही वाचून दाखवा.

ते बेट म्हणजे ज्वालामुखीचं बुडालेलं तोंड. आतलं पाणी इतकं खोल की बहुतेक ठिकाणी नांगर टाकता येत नाही, जहाजं इंजिनं चालू ठेवून जागा धरून उभी राहतात. धक्क्याचा प्रश्नच नाही. माणसं न्यायला बऱ्याचदा जहाजाच्या नाही, तिथल्या गावकऱ्यांच्या लाँच येतात. त्या सोडतात कड्याच्या पायाशी, जुन्या बंदरात. फिरा नावाचं मुख्य गाव वर कड्याच्या कडेला. वर जायला तीन वाटा : 588 पायऱ्या, त्याच पायऱ्यांवरून गाढव, किंवा केबल कार. पहिल्या दोन सोडून द्या. केबल कारचे डबे छोटे, सहा-सहा जणांचे. खुर्ची घडी करावी लागते आणि बाबांना उठून बसावं लागतं. त्याआधी रांग. तीन-चार जहाजं एका दिवशी आली की परतीच्या रांगेत तास-दीड तास उन्हात उभं राहणं नेहमीचं.

एक वाट आहे, ती जाहिरातीत कोणी ठळक छापत नाही. जहाजाची स्वतःची बस-सहल घेतली तर लाँच बऱ्याचदा दुसऱ्या बंदरात, अथिनिओसला जाते. तिथपर्यंत गाडीरस्ता आहे, बस पाण्याजवळ उभी असते. केबल कारची भानगड नाही. पण विचारताना परतीचं विचारा. बहुतेक सहली संपतात फिरा गावात आणि म्हणतात, आता केबल कारनं तुमचे तुम्ही खाली या. म्हणजे जे टाळलं ते परतीला वाढून ठेवलेलं. बस परत अथिनिओसलाच सोडणार असेल तरच पैसे भरा. बसला दोन-तीन पायऱ्या असतात, तेवढ्या बाबा चढतात का, ते तुम्हाला माहीत.

आता लाँचचं दार. जहाजाच्या पोटात, पाण्यापासून थोडं वर एक दार उघडतात, बाहेर फळाट असतं आणि त्याला लाँच लागते. कॅप्टन जहाज वाऱ्याला आडवं घालून त्या बाजूला आडोसा करतो, तरी लाँच वर-खाली होतच राहते. फूटभर हलली तर आम्ही शांत म्हणायचो. मध्ये एक पाऊल टाकायचं असतं, फार तर दीड फूट. पण टाकायचं लाँच वर येऊन क्षणभर थबकते तेव्हाच. दोन्हीकडे एकेक खलाशी असतो. तो मनगट धरत नाही, कोपराच्या खाली हात धरतो आणि तुम्हीही त्याचा तसाच धरायचा. तो 'स्टेप' म्हणाला की पाय, त्याआधी नाही. पाण्याकडे बघायचं नाही.

इथे बाबांच्या बाबतीत एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. खलाशाला सवयच असते दोन्ही हात धरून ओढायची. पक्षाघातानं सैल पडलेला खांदा तसा ओढला तर निसटू शकतो. म्हणून फळाटावर पाय ठेवायच्या आधी सांगा : लेफ्ट आर्म वीक, डोन्ट पुल. इतकंच इंग्रजी पुरे. बाबांच्या कमरेला तो रुंद पट्टा बांधा, कड्या असलेला, व्यायाम करून घेणाऱ्यांकडे असतो. मग मागून तुम्ही किंवा भाऊ पट्टा धरा. पाऊल कुठलं आधी, हे त्यांना फिजिओनं शिकवलं असेलच : चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. खुर्ची मागाहून रिकामी, घडी करून येते.

मी एकदा चूक केली आहे. एका बेटासमोर, लाटा जरा लांबून येत होत्या. ऐंशीच्या आसपासची एक गोरी आजी, नवरा आधीच लाँचमध्ये जाऊन बसलेला. मी म्हटलं, थांबा. ती म्हणाली, प्लीज. तिचा चेहरा बघून मी हो म्हटलं. तिनं पाय उचलला आणि लाँच खाली गेली. नडगी कडेवर आपटली, ती क्षणभर आम्हा दोघांच्या हातांवर लटकली. हाड मोडलं नाही. पण म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. मी धरलं होतं तिथली सोलून माझ्या हातमोज्याला चिकटून आली. ती मलाच सॉरी म्हणत होती. तेव्हापासून कोणी प्लीज म्हटलं की मी आधी पाण्याकडे बघायचो.

म्हणून, दारातला खलाशी नाही म्हणाला तर वाद घालू नका. शेवटचा शब्द त्याचा आणि त्याच्या वरच्या अधिकाऱ्याचा. सकाळी हो म्हणालेले दुपारी नाही म्हणतील, कारण समुद्र तो राहिलेला नसतो. काही जहाजांवर आधीच कोरड्या जागेवर पट्ट्या मारून तेवढं पाऊल टाकून दाखवायला सांगतात, त्याचा अपमान वाटून घेऊ नका. बुकिंगच्या वेळी विशेष गरजांचा फॉर्म मिळतो, तो भरताना बाबा 'थोडं चालतात' असं मोघम लिहू नका. किती पायऱ्या, आधार कोणत्या बाजूचा, खुर्चीचं वजन, घडी होते की नाही, सगळं लिहा.

जायच्या आधी घरच्या घरी परीक्षा घ्या. नाशिकहून मुंबई काही लांब नाही. गेटवेवरून लाँच सुटतात. घारापुरीच चढली पाहिजे असं नाही, बंदरात नुसती फेरी मारून आणणाऱ्याही असतात. गेटवेच्या त्या ओल्या पायऱ्या, हलती लाँच, 'आओ आओ' करणारा पोऱ्या : टेंडर याहून पुष्कळ सभ्य असते. बाबा तिथे चढले-उतरले तर मिकोनोसची काळजी नको. नाही जमलं, तर तिथेच कळलं, आणि सँटोरिनीच्या दारात सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या दिवशी त्यांना भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीनं मांडव्याला न्या. धक्का आणि टेंडर यांतला फरक मी लिहून सांगण्यापेक्षा त्यांना पायांनी कळेल.

बाबा जहाजावर बसतो म्हणतात, ते खरंच मनापासून म्हणत असतील तर बसू द्या की. सँटोरिनी पाण्यातून दिसते तशी वर जाऊन दिसत नाही. काळा-तांबडा कडा आणि त्याच्या माथ्यावर मीठ सांडल्यासारखी पांढरी घरं. वर गेलेला माणूस त्या घरांमध्ये असतो, त्याला समोर जहाज दिसतं. पण तुम्हाला त्रास नको म्हणून बोलत असतील तर ते तुम्हीच ओळखा. गेटवेला न्यायचं म्हटल्यावर तोंड कसं करतात ते बघा.

मी स्वतः दोन्ही गुडघे बदलून घेतल्यावर दोन वर्षांपूर्वी मुलाबरोबर साउदॅम्प्टनहून फिरायला गेलो. गर्न्सी बेटाला टेंडर होती. दारात विशीतला पोरगा. मला बघून म्हणाला, सॉरी सर, नॉट टुडे. मी म्हटलं, अरे, मी बोसन होतो. तो म्हणाला, यस बोसन, नॉट टुडे. बायको आणि मुलगा गेले, मी वर जाऊन चहा घेत रागानं लाँच मोजत बसलो. अकरा फेऱ्या. संध्याकाळी त्याला गाठून विचारलं, काय बघितलंस? त्यानं माझ्या बुटांकडे बोट केलं. चामड्याचे, तळ गुळगुळीत, मुलाच्या घरी समारंभाला घेतलेले. शिवाय म्हणाला, शेवटच्या जिन्यावरून तुम्ही आडवे होऊन उतरत होतात. मीही हेच करायचो. दारात आलेल्या माणसाला दारात जोखत नाहीत, जिन्यावर जोखतात. बाबांना रबरी तळाचे, मागून बंद असलेले बूट घ्या. चप्पल नको, सँडलही नको.

प्रश्न : मला पोलिओ आहे, वय 52, बाहेर बॅटरीची स्कूटर वापरते. मैत्रिणींबरोबर सिंगापूर–पेनांग–फुकेत अशी चार रात्रींची क्रूझ करायची आहे. स्कूटर नेता येईल का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सिंगापूर आणि पेनांगला न्या, फुकेतला जहाजावर ठेवा. सिंगापूरला मरीना बे असो की हार्बरफ्रंट, थेट धक्का आहे आणि त्या शहरात चाकांची अडचण फारशी होत नाही. पेनांगला स्वेटनहॅम पिअर अगदी जॉर्ज टाउनच्या तोंडाशी आहे. तिथे जुन्या दुकानांपुढून 'पाच फुटी वाट' म्हणतात ते ओसरीसारखे फूटपाथ आहेत. दिसायला छान, पण दर दुकानापुढे उंची वेगळी, मध्येच पायरी, मध्येच कोणाची मोटरसायकल, आणि बाजूला खोल गटार. सगळे शेवटी रस्त्याच्या कडेनं जातात, तुम्हालाही तेच करावं लागेल. मैत्रिणींपैकी एकीला मागे चालू द्या.

फुकेतला जहाजं पटाँगच्या समोर उभी राहतात तेव्हा टेंडर असते. बॅटरीची स्कूटर टेंडरवर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, वजनच तसं असतं. हाताची घडीची खुर्ची बरोबर असेल तर ती जाईल, तीही तुम्ही ते पाऊल टाकू शकत असाल तर. तुम्ही पायाला कॅलिपर (आधाराच्या पट्ट्या) लावत असाल तर गुडघ्याचं कुलूप घालूनच पाऊल टाका, फळाटावर ते सुटलं की बसकण होते.

स्कूटरचं खरं दुखणं मात्र खोलीचं आहे. साध्या खोलीचं दार पावणेदोन-दोन फुटांचं. स्कूटर आत जात नाही आणि बाहेर बोळात ठेवू देत नाहीत, आगीच्या वेळी वाट अडते म्हणून. तेव्हा रुंद दाराची खोलीच मागा. त्या मोजक्या असतात आणि आधी जातात. स्कूटरची रुंदी टेपनं मोजून ठेवा, कंपनीच्या पत्रकावरची धरू नका, आरशासकट मोजा. विमानाचंही आहे. निघणारी लिथियम बॅटरी 300 वॉट-तासांच्या आत असावी लागते, दोन असतील तर प्रत्येकी 160. आकडा बॅटरीवर छापलेला असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून विमान कंपनीला आधीच पाठवा. विमानतळावर काउंटरवरची मुलगी तो आकडा खाली वाकून शोधते तेव्हा मागची रांग आपल्याकडे बघत असते, ते नको.

प्रश्न : मुंबईहून लक्षद्वीपला जाणारी क्रूझ आम्हा नवरा-बायकोला (वय 70 आणि 67, दोघांचे गुडघे बेतास बात) जमेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : चालत असाल तर जमेल, चाकाची खुर्ची असेल तर नाही. तिथे बेटांभोवती प्रवाळाची भिंत आणि आत उथळ पाणी. मोठं जहाज बाहेरच उभं राहतं, तुम्ही लहान बोटीतून जाता. बोट खुल्या समुद्रावर जहाजाला लागते, त्यामुळे हलणं ग्रीसपेक्षा जास्त. मुरुडला जंजिऱ्याच्या दारात होडीतून पायरीवर उतरला असाल तर अंदाज येईल. उतरला नसाल, तर गुडघ्यांना विचारण्याआधी तिथे जाऊन या. वाटेत गोवा किंवा कोची घेणारी फेरी असेल तर ती बघा, मुरगाव आणि कोची दोन्हीकडे धक्का आहे. आणि तिकिटात लक्षद्वीपचा परवाना धरला आहे का, तेही विचारा. बेटावर गेलात तर बोटीतून उतरताना सामानाची पिशवी हातात नको, पाठीवर.